ग्राफिक्स कार्डाची पारख

(नभोवाणीवरील भाषण)

संगणकांत नवें ग्राफिक्स कार्ड बसविलें, पदरचे हजारों रुपये खर्च झाले, आणि तरीहि पडद्यावरील चित्र अडखळतच चाललें, म्हणजे मनुष्य तत्काळ म्हणतो, 'कार्डच सदोष आहे.' हा निष्कर्ष कधीं कधीं खरा असतो. परंतु पुष्कळदां तो घाईचा असतो. दुकानदाराची माल बदलून देण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. तेवढ्यांत खरा दोष ओळखला नाहीं, तर पैसे बुडतात. आणि नसलेला दोष कार्डाच्या माथीं मारला, तर निर्दोष वस्तु परत जाऊन मूळ व्याधि घरांतच राहते. म्हणून कार्डाची पारख पद्धतशीरपणें कशी करावी, एवढाच विषय आज मीं घेतला आहे.

पडद्यावर दिसणारें प्रत्येक चित्र गणित करून तयार करणें हें या कार्डाचें काम. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील, तर एका चित्रासाठीं सुमारें १६.७ मिलिसेकंद एवढाच अवकाश मिळतो. सरासरी चांगली असूनहि मधलीं कांहीं चित्रें उशिरां आलीं, तर डोळ्यांना तें खुपतेंच. यास्तव केवळ सरासरीच्या आंकड्यावर विसंबूं नये. सर्वांत मंद क्षणांचा आंकडाहि पाहावा.

परीक्षेची पहिली पायरी कार्डाच्या बाहेरची आहे. पडद्याची केबल कार्डालाच लावली आहे ना? ती चुकून मदरबोर्डाला लावलेली असेल, तर नवें कार्ड बहुधा स्वस्थ बसतें आणि प्रोसेसरांतील लहानसा चित्रविभाग सारा भार वाहतो. विजेची जोडणी पुरी आहे ना? मदरबोर्डाच्या खांचेंतून कार्डास अधिकांत अधिक ७५ वॅट मिळतात. मोठ्या कार्डास त्याहून पुष्कळ अधिक वीज लागते व ती निराळ्या केबलीनें द्यावी लागते. लॅपटॉप असल्यास चार्जर लावूनच परीक्षा घ्यावी, कारण बॅटरीवर तो आपली शक्ति आंखडून घेतो. पडदा सेकंदास ६० चित्रें दाखविणारा असून खेळांत व्हीसिंक चालू असेल, तर आंकडा ६० च्या वर जाणारच नाहीं. तो कार्डाचा दोष नव्हे. या गोष्टी न पाहतां कार्डाला बोल लावणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं!

दुसरी पायरी ओळखीची. जीपीयू-झेड नांवाचा एक विनामूल्य प्रोग्राम कार्डाचें अंतरंग वाचून दाखवितो. जुन्या कार्डांत खोटी माहिती भरून तीं नव्या नांवानें विकण्याचा धंदा कांहीं लोकांनीं मांडला होता. अशीं बनावट कार्डें ओळखण्याची सोय या प्रोग्रामांत २०१८ सालीं झाली. परंतु प्रतिष्ठित कारखान्यांतूनहि सदोष माल बाहेर पडूं शकतो. २०२५ च्या फेब्रुवारींत एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० जातीच्या कांहीं कार्डांत, तयार चित्र स्मृतींत उतरविणारे 'आरओपी' नांवाचे घटक १७६ ऐवजीं १६८ च असल्याचें उघडकीस आलें, आणि तें याच प्रोग्रामांतील एका ओळीवरून. कंपनीनें उत्पादनांतील दोष मान्य केला, वेगांत सरासरी ४ टक्के घट होते असें सांगितलें व अशीं कार्डें बदलून घेण्यास कळविलें. चार टक्क्यांची घट डोळ्यांना दिसत नाहीं; ती वाचूनच कळते.

तिसरी पायरी भाराची. बैलाची पारख गोठ्यांत होत नाहीं, मानेवर जूं आल्यावर होते. कार्डहि रिकामें असतांना आपला वेग आपण होऊन उतरवितें. त्या वेळचे आंकडे पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. थ्रीडीमार्क किंवा सुपरपोझिशन यांसारखी कसोटी चालवावी. थ्रीडीमार्कच्या ताणपरीक्षेंत एकच दृश्य साधारणतः वीस वेळां फिरविलें जातें; सर्वांत मंद फेरीचा वेग सर्वांत जलद फेरीच्या निदान ९७ टक्के राहिला, तर कार्ड उत्तीर्ण. परीक्षा चालू असतां तीन गोष्टी पाहाव्या: उष्णमान, कार्डाचा घड्याळवेग आणि कार्ड किती टक्के कामांत आहे. उष्णमान चढत जाऊन वेग उतरूं लागला, तर हवा खेळत नाहीं असें समजावें. कार्ड निम्मेंच कामांत असून चित्रें मात्र कमी येत असतील, तर प्रोसेसर त्याला पुरेसें काम पुरवीत नाहीं असा संशय घ्यावा. परंतु पडद्यावर रंगीत चौकोन उमटूं लागले किंवा पडदा काळा पडला, आणि ड्रायव्हर नव्यानें बसवूनहि तेंच घडलें, तर कार्डाविषयीं संशय घेण्यास आधार मिळाला.

कसोटीचे गुण ताडून पाहतांना समानांचीच तुलना करावी. कार्ड तेंच, प्रोसेसर तोच, चित्राची बिंदुसंख्या तीच, असें असेल तरच दोन आंकड्यांना एकमेकांशेजारीं बसण्याचा अधिकार आहे. शिवाय कसोटीलाहि फसवितां येतें. २००१ सालीं एटीआयच्या रेडिऑन ८५०० या कार्डाचा ड्रायव्हर 'क्वेक ३' या खेळाचें नांव ओळखून चित्राची प्रत हलकी करीत असे. परीक्षकांनीं फाइलींतील नांव बदलून 'क्वॅक' केलें, तों वेग उतरला आणि चित्र सुधारलें! तेव्हां गुणांवर सर्वस्वीं न विसंबतां, ज्या कामासाठीं कार्ड घेतलें तेंच काम त्याच्याकडून करवून पाहावें.

शेवटीं एक सूचना. कार्ड आणल्याच्या दिवशींच कसोटीचे गुण, उष्णमान व ड्रायव्हरची आवृत्ति तारखेसह वहींत टिपून ठेवावी. मुदतींत दुकानांत जाण्याची वेळ आलीच, तर 'कार्ड चालत नाहीं' या तक्रारीपेक्षां त्या चार ओळी अधिक बोलक्या ठरतील. आणि दोन वर्षांनीं वेग मंदावल्याची शंका आली, तर कार्ड थकलें आहे कीं पंख्यांत धूळ सांचली आहे, हें ठरविण्यास तीच वही उपयोगीं पडेल.