वरच्या मजल्याचे कुलूप



कापडाचे एक थान उधार दिले तरी व्यापारी त्याची नोंद वहीत करतो. घर मात्र पुष्कळदा शब्दावर दिले-घेतले जाते. इतवारीतील घरांचा प्रश्न बव्हंशी या विसंगतीतूनच निर्माण झाला आहे.

खाली दुकान व वर बिऱ्हाड, ही इतवारीची जुनी रीत. पुढे अनेक कुटुंबे वर्धा मार्ग, मनीषनगर, बेसा अशा भागांत राहावयास गेली आणि वरच्या मजल्यांना कुलपे लागली. त्याच दुकानांतील मुनीम व नोकर मात्र दूरच्या वस्त्यांतून रोज ये-जा करतात. घर रिकामे आहे, गरजूही समोर आहे. तरी मालकाचे मन धजत नाही. भाडेकरू निघाला नाही तर?

ही भीती पूर्वी अनाठायी नव्हती. विदर्भात १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशानुसार भाडेकरूस नोटीस देण्यापूर्वी नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम २४ प्रमाणे 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपताच राहणाऱ्याने निवासाची जागा सोडली पाहिजे. अन्यथा त्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची असून, ती टाळल्यास वादाच्या वेळी अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे कागद दोघांचेही रक्षण करतो.

ज्यांस घर विकतच घ्यावयाचे आहे, त्यांनीही प्रथम कागद पाहावा. जुन्या घराची आखीव पत्रिका, भूखंडाचा अकृषक आदेश व नियमितीकरणाचे पत्र, नव्या सदनिकेचा महारेरा नोंदणी क्रमांक, हे तपासल्यावाचून बयाणा देऊ नये. स्वस्त भूखंडाच्या किमतीत रोजच्या प्रवासाचा खर्च व वेळही मिळवावा.

११ डिसेंबर २०२२ रोजी सीताबर्डी ते प्रजापतीनगर मेट्रो सुरू झाली आणि अग्रसेन चौक व चितारओळ चौक ही स्थानके इतवारीच्या जवळ आली. येणे-जाणे त्यामुळे सुलभ झाले. पण रात्री दुकाने मिटल्यावर ओस पडणारी गल्ली मेट्रोने नांदती होत नाही. त्यासाठी वरच्या खिडकीत दिवा लागावा लागतो. नोंदलेल्या करारावर विसंबून मालकांनी ती कुलपे उघडावीत, एवढीच विनंती.