कारखान्यातील ऊर्जा आणि तिचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेला येणारा श्रोता बहुश्रुत असतो. इतिहास, साहित्य, राजकारण या विषयांची त्याला सवय असते. त्या मानाने आमचा आजचा विषय रुक्ष आहे. कारखान्यांत जळणारा कोळसा, वायू आणि वीज यांचा हिशेब कसा ठेवावा, आणि ठेवलेला हिशेब दुसऱ्याला दाखवावा की नाही, असा हा प्रश्न आहे. तो केवळ इंजिनियरांचा आहे असे कोणी समजू नये. आपण विकत घेतो त्या प्रत्येक वस्तूच्या किमतीत वाया गेलेल्या ऊर्जेची किंमत मिळवलेली असते, आणि तिचा धूर तर आपण फुकटच घेत असतो.

प्रथम ही ऊर्जा वाया जाते कशी ते पाहू. कारखान्यात दाबाखालच्या हवेचे नळ सर्वत्र फिरवलेले असतात. अशा नळाला तीन मिलिमीटरचे एक भोक पडले आणि हवेचा दाब सात बार असला, तर त्या भोकातून जाणारी हवा भरून काढण्यास सुमारे 3 ते 4 किलोवॅट शक्ती लागते. कारखाना 24 तास चालत असेल तर रोज 70 ते 95 युनिट वीज एवढ्याशा छिद्रातून निघून जाते. दुसरे उदाहरण पंख्यांचे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग एकपंचमांशाने कमी केला तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. तरीही कित्येक ठिकाणी पंखा पूर्ण वेगाने चालवतात आणि पुढे झडप लावून वारा अडवतात. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू कारखान्यांसाठीच करून ठेवली!

यात आंधळेपणा कशाचा? मोजमापाच्या अभावाचा. महिन्याच्या शेवटी विजेचे एक बिल येते. त्यातले किती युनिट कोणत्या यंत्राने, कोणत्या पाळीत आणि कशासाठी खाल्ले, हे त्या बिलावरून कळत नाही. आजचे डिजिटल तंत्र येथेच उपयोगी पडते. प्रत्येक यंत्रावर लहानसा संवेदक बसवता येतो. तो दर क्षणाला तापमान, दाब, प्रवाह आणि वीज यांचे आकडे पाठवतो आणि संगणक त्यांची संगती लावतो. यात जादू काही नाही. चोख रोजकीर्द लिहिणाऱ्या जुन्या मुनिमाचेच हे काम आहे. फरक इतकाच की हा मुनीम झोपत नाही.

पण नुसत्या मोजमापाने काम भागत नाही. येथे आम्हाला इतिहासातील एक प्रकरण आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथे तांब्याच्या व कथिलाच्या खाणी होत्या. खाणीतले पाणी उपसण्यास वाफेची इंजिने लागत, आणि कोळसा मात्र वेल्समधून समुद्रमार्गे आणावा लागे. जेम्स वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी तेथे इंजिने दिली ती एका विलक्षण अटीवर. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्यांना द्यावयाचा! त्यासाठी इंजिनावर फेरे मोजणारे कुलूपबंद यंत्रही बसवीत. मोजमाप उत्तम होते, पण ज्ञान पेटंटाच्या कुलपात होते. 1800 साली वॅटचे पेटंट संपले, त्याची माणसे निघून गेली आणि इंजिनांची निगा ढासळली.

मग 1811 साली जोएल लीन नावाच्या खाण-व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली एक मासिक अहवाल निघू लागला. कोणत्या खाणीवरील इंजिनाने एक बुशेल कोळशात किती पाणी उपसले, याचे आकडे त्यात छापून येत. इंजिनाची रचनाही त्यात दिलेली असे. आज एकाने सुधारणा केली की उद्या शेजाऱ्याला ती कळे, आणि परवा शेजारी तिच्यावर ताण करी. पुढच्या तीसएक वर्षांत तेथील इंजिनांची सरासरी कार्यक्षमता दुपटीहून अधिक वाढली. हे एकट्या कोणा प्रतिभावंताचे काम नव्हते. उघड्या हिशेबाचे होते.

दोनशे वर्षांनंतर अमेरिकेत याच मार्गाचा अवलंब होत असलेला दिसतो. टेक्सासमध्ये पोर्ट आर्थर येथे प्रॅक्सेअर कंपनीचा हायड्रोजन तयार करण्याचा कारखाना होता. पुढे 2018 साली ही कंपनी लिंडे कंपनीत विलीन झाली. अशा कारखान्याच्या भट्टीत 300 हून अधिक उभ्या नळ्या असतात. त्यांतून नैसर्गिक वायू आणि वाफ जाते, बाहेरून ज्वाला तापवतात. सर्व नळ्या सारख्या तापत नाहीत. सर्वांत तापलेल्या नळीचे तापमान मर्यादेपेक्षा 20 अंशांनी जरी वाढले, तरी तिचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते. म्हणून चालक त्या एका नळीच्या भीतीने सगळी भट्टीच जरा कमी तापवतो, आणि बाकीच्या नळ्या पुरते काम करीत नाहीत. सगळ्या वर्गाने एका विद्यार्थ्याच्या चालीने चालावे, तसे हे होते.

या प्रश्नावर कंपनी, टेक्सास विद्यापीठ आणि लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी एकत्र काम केले. भट्टीत अवरक्त किरणांचे कॅमेरे लावून नळ्यांचे तापमान पाहावयाचे, संगणकात भट्टीची गणिती प्रतिकृती उभारावयाची, आणि कोणत्या ज्वालेला किती वायू द्यावा हे ठरवून तापमान सारखे करावयाचे, ही त्यामागची कल्पना. या प्रकारच्या कामासाठी 2016 साली अमेरिकन सरकारने लॉस एंजेलिस येथे एक राष्ट्रीय संस्था जाहीर केली. सरकारचे 7 कोटी डॉलर आणि सहभागी मंडळींचे निदान तितकेच, अशी तिची आखणी होती. कंपनीजवळ भट्टी असते पण सवड नसते. विद्यापीठाजवळ गणित असते पण भट्टी नसते. दोघांची गाठ घालून देणे हेच अशा संस्थेचे कार्य.

आपल्याकडे काय आहे? 2001 साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला. 2012 साली ‘पॅट’ ही योजना सुरू झाली. तीत आठ उद्योगांतील 478 मोठ्या कारखान्यांना दर टन मालामागे किती ऊर्जा वापरावी याची लक्ष्ये दिली. पहिल्या तीन वर्षांत सुमारे 67 लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवावयाची होती, प्रत्यक्षात 87 लाख टनांच्या आसपास वाचली. ही गोष्ट अभिमानाची खरी. पण ती मोठ्यांची झाली. कोल्हापूर-इचलकरंजीच्या लहान ओतशाळेचे काय? एक टन लोखंड वितळविण्यास विजेच्या भट्टीत साधारण 550 ते 700 युनिट लागतात. एकाच वसाहतीतल्या दोन ओतशाळांत शंभर युनिटांचा फरक असला, तर तो का आहे हे दोघांनी बसून पाहिले पाहिजे. एखाद्याकडे भट्टीचे झाकण उघडे राहत असेल, एखाद्याकडे वितळलेला रस साच्यांची वाट पाहत तापत राहत असेल. पण ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या समजुतीने कोणी आकडा सांगत नाही. आम्हाला विचाराल तर ती मूठ बिलाच्या दिवशी रिकामी होत असते! गुपित राखावयाचे असेल तर मिश्रधातूचे राखा, गिऱ्हाइकाचे राखा. विजेचा आकडा नाव झाकून का होईना, संघाच्या फळ्यावर लागू द्या. एकट्याला न परवडणारे संवेदक आणि जाणकार दहाजणांना मिळून परवडतात. सहकाराची ही शिकवण महाराष्ट्राला नवी नाही.

दोन आक्षेपांचा विचार केल्याशिवाय बोलणे पुरे होणार नाही. पहिला आक्षेप कामगाराचा. ज्वालेच्या रंगावरून तापमान ओळखणाऱ्या भट्टीवाल्याला वाटते की, हा डोळा यंत्रावर नव्हे तर आपल्यावर ठेवलेला आहे. ही भीती पोकळ नाही. म्हणून संवेदकाचा आकडा प्रथम भट्टीवाल्यासमोर दिसला पाहिजे आणि बचतीत त्याचाही वाटा असला पाहिजे. वॅटला तिसरा हिस्सा मिळत होता; भट्टीवाल्याला काहीच नको काय?

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञाचा. इंग्लंडमधील जेव्हन्स याने 1865 साली दाखवून दिले की, इंजिने सुधारली म्हणून कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. वस्तू स्वस्त झाली की मागणी वाढते. हे खरे आहे. त्यावरून बचत व्यर्थ ठरत नाही. बचत एकटी पुरेशी नाही, एवढेच ठरते. दर टनाचा आकडा खाली आणणे हे इंजिनियराचे काम. वाचलेली ऊर्जा कशासाठी वापरावयाची, हे ठरविणे समाजाचे काम. ते इंजिनियरावर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

तात्पर्य, यंत्राला डोळे देणे आता सोपे झाले आहे. जे दिसले ते शेजाऱ्याला दाखविण्याचे मन तयार करणे कठीण आहे, आणि ते कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. आपल्यापैकी ज्यांचा कारखान्याशी संबंध आहे त्यांनी उद्या पाळी संपल्यावर, यंत्रे थांबली असताना, हवेच्या नळांजवळ क्षणभर उभे राहावे. फुसफुस ऐकू आली तर या व्याख्यानाचा पुढचा भाग तेथेच सुरू होईल.