संगणक मंद का होतो?

घरचा संगणक सुरू करून चहा प्यायला गेलात, परत आलात, तरी पडद्यावर चक्र फिरतंच आहे? मग लगेच फॉरमॅट मारू नका. आपल्याकडे हा उपाय फार उतावीळपणे केला जातो, आणि त्यात घरातले फोटो जातात.

विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तिथे डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकला असेल, तर संशय जुन्या हार्ड डिस्कवर घ्यावा. तिच्या आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि प्रत्येक फाइल शोधायला वाचणारी सुई जागा बदलते. एसएसडी या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती बसवताच जुना संगणकही चपळ होतो. माझ्या मते खर्च करायचाच तर आधी इथे. मेमरी भरलेली दिसली, तर मात्र रॅम वाढवावी लागेल.

संगणक मध्येच बंद पडतो? मग बहुधा उष्णता. वीज बंद करून, प्लग काढून पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, हवेची वाट अडते.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बाकी सगळं सोडा. आजच महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे उतरवून घ्या.