कोयता उचलायच्या आधी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत बीड जिल्ह्यातल्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण, त्यांच्याच शब्दांत.)



मला सांगितलं होतं, "ताई, आरोग्यावर बोला, राजकारण नको." मी हो म्हणाले. पण रात्री वही घेऊन बसले तर दोन्ही वेगळं करताच येईना. म्हणून जसं आहे तसं सांगते. अध्यक्ष ताईंनी नंतर रागवावं.

भादवा सरत आलाय. दुपारी ऊन चटका देतंय आणि संध्याकाळी पुन्हा ढग येतात. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. ज्याचं पाण्यात गेलं त्याचं गेलं. या दिवसांत आपल्याकडे पाहुण्यांच्या आधी मुकादम दारात येतो. उचल वाटून झालेली असते, आता किती कोयते निघणार याची मोजणी चालते. दिवाळी झाली की गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं उरतात. आमच्या गटात आम्ही अकराजणी आहोत. त्यातल्या सहाजणी जातात आणि सहा महिने गटाची बैठक होते पाचजणींची.

मी स्वतः सोळा हंगाम केलेत. पहाटे तीनला उठायचं, भाकरी थापायच्या, अंधारात फडावर जायचं. दिवसभर वाकून तोडायचं आणि वर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पाळी आली तरी तेच. कोपीजवळ ना संडास, ना न्हाणी. कपडा बदलायला आडोसा मिळेल तो उसाचाच. एक दिवस आजारी पडलं की खाडा. मजुरी तर बुडतेच, वरून मुकादम पाचशे कापायचा. मग अंगावर दुखणं काढायचं. बाईला ते लहानपणापासून येतंच.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला पांढरं जायला लागलं, कंबर धरायची, पाळी दहा-दहा दिवस चालायची. पावसाळ्यात गावी आल्यावर एका खासगी दवाखान्यात गेले. नाव घेत नाही. पाच मिनिटं तपासलं आणि म्हणाले, पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका. मी सत्तावीस वर्षांची होते. सोबत आलेल्या बायका म्हणाल्या, काढ बाई, दोन पोरं झालीत, खाड्याची कटकट मिटेल. उचलीवर आणखी तीस हजार चढवले आणि काढली. पोटातून काय काय काढलं हे मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्या तीस हजारांसाठी एक अख्खा हंगाम जास्तीचा तोडला. वर्षभरात अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप गेली, गुडघे बोलायला लागले. आज मी एक्केचाळीस वर्षांची आहे, बसलेली उठताना भिंत धरते.

मी एकटी नाही. २०१९ साली हा विषय पेपरात आला, विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३,८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहाजणींमागे एक. आता इथे बसलेल्यांकडे नजर फिरवा. मी हात वर करायला सांगत नाही, आपल्याला माहीत आहे.

हे आज सांगायचं कारण माझी सून. वय चोवीस. तिलाही पांढरं जातंय, चक्कर येते. मागच्या आठवड्यात मुकादमाची बायको ओट्यावर बसून सहज म्हणाली, "निघायच्या आधी पिशवीचं उरकून घ्या, नाहीतर फडावर तारांबळ होईल." माझ्या हातातलं सूपच खाली पडलं. चौदा वर्षांपूर्वी मला जे सांगितलं, तेच बोल.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. पूर्ण दिवस मोडला, रांग मोठी, सोनोग्राफीला परत बोलावलं. पण तिथल्या डॉक्टर बाईंनी नीट समजावलं. पिशवीला काही झालेलं नाही, जंतुसंसर्ग आहे, नवरा-बायको दोघांनी गोळ्या घ्यायच्या. रक्त मात्र फक्त सात. पांढरं जातंय म्हणून पिशवी काढायची नसते, हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं! आणखी एक ऐकून ठेवा. आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्याने पिशवी काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. कुणी "उद्याच या" म्हटलं तर परवानगीचा कागद मागा, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

आता ते राजकारण. २०२४ च्या विधानसभेला २० नोव्हेंबरला मतदान होतं आणि साखर कारखान्यांचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू. मुलगा-सून दिवाळी उरकून कोल्हापूरकडे गेलेले. मतदानाच्या आदल्या रात्री फडावर गाडी हजर! एवढ्या लांबून आणलं, जेवण दिलं, मत झालं की परत नेऊन सोडलं. कुठल्या पक्षाची ते विचारू नका, सगळ्यांच्याच गाड्या पळत होत्या. मतदान करायलाच हवं, मीही केलं. पण माझ्या सोळा हंगामांत फडावर कुणी बाळंत झाली, कुणाला ताप भरला, तेव्हा रात्री अशी गाडी आलेली मी पाहिली नाही. सून गाडीतून उतरली तेव्हा तिला ताप होता. मत देऊन ती तशीच गेली. तेव्हा मीही काही बोलले नाही, हे कबूल करते.

आणि नुसत्या पुढाऱ्यांना बोलून काय होतं? गावातलं राजकारणही आपण पाठमोरंच सोडलंय. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा करायला घेतात. म्हणजे आपण बोचकी बांधत असतो तेव्हा इकडे पैसे कुठे जाणार ते ठरतं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तर आपण फडात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकांसाठी असतात. आमच्याकडे ते कशावर गेले ते विचारलं तर ग्रामसेवक म्हणाले, "ताई, तुम्ही पहिल्याच विचारताय." सरपंच बाईच आहेत, त्याही गप्प. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुम्ही सगळ्या आलात तर मला बोलता येईल.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, ती कागदावर न उरकता खरीखुरी घ्यायची. जाणाऱ्या प्रत्येकीचं नाव, कोण गरोदर, कुणाचं बाळ लहान, कोणत्या कारखान्याकडे जाणार, ही यादी आशाताईला द्यायची. निघायच्या आधी रक्त तपासून लोहाच्या गोळ्या सोबत न्यायच्या. फडावर पोचलं की गावाचं नाव आणि कारखान्याच्या गटाचं नाव घरी फोन करून लिहून घ्यायला लावायचं. १०८ ची गाडी तिकडेही येते, पण "उसात आहे" एवढं सांगून ती कुठे येणार?

सून यंदा जाणार नाही. मुलगा अर्धा कोयता म्हणून जाईल. पन्नास हजार उचल घेतलीय, तिच्या वाटची परत करायला गटातून पंचवीस हजार कर्ज मागितलंय. दोघी-तिघींनी तोंड वाकडं केलं, "आजारपणाला कर्ज दिलं तर फेडणार कशातून?" प्रश्न बरोबर आहे. मी शेळ्यांचा हिशोब मांडला, दोन बोकडं माघापर्यंत विक्रीला येतील. कर्ज मंजूर झालंय. मुकादम अजून हो म्हणत नाही. शनिवारी आम्ही पाचजणी त्याच्या घरी जाणार आहोत, सरपंच बाई येते म्हणाल्यात. काय झालं ते पुढच्या बैठकीत सांगते.

आमच्या गावची महिला सभा १ तारखेला दुपारी बाराला, समाजमंदिरात आहे. शेजारच्या गावातल्या बायांनी बघायला यायचं असेल तर खुशाल या, फक्त भाकरी बांधून आणा.