फॉरमॅट मारण्याआधी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास झाला, वेदान्त झाला, अर्थकारण तर दरवर्षी होतं. ‘नवीन विंडोज टाकलं आणि कॉम्प्युटर उठेना’ हा विषय मात्र मी तरी कुठल्या पत्रिकेवर पाहिला नव्हता. संयोजकांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “सर, वेदान्त मागच्या वर्षी झाला. यंदा आमच्या मंडळींना हेच ऐकायचंय.”

कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. भोसरी-चाकणच्या कंपन्यांचं जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शॉपमध्ये कोपऱ्यात एक कॉम्प्युटर असतो. त्यावर टॅली, पार्टीकडून आलेली ड्रॉइंग्ज, चलनं आणि जीएसटीचा सगळा पसारा. विंडोज ११ची अट अशी की, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल हवं आणि सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासातलीच बूटची फाइल चालू देणारी तपासणी, चालवण्याची सोय हवी. चालतं मशीन निव्वळ या अटींसाठी भंगारात काढायला आपला माणूस तयार होत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. मग कुणी बायॉसमध्ये शिरून दोन-चार पर्याय बदलतो, कुणी नवी एसएसडी आणून तिच्यावर ११ टाकतो, कुणाचा भाचा लिनक्स टाकून देतो. आणि सकाळी बटण दाबलं की काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ.

ती ओळ कुणी वाचत नाही. माझं आजचं भांडण आहे ते याच्याशी. तंत्रज्ञ मुलगा येतो, पडद्याकडे बघतो न बघतो आणि म्हणतो, “फॉरमॅट मारावा लागेल.” फॉरमॅट मारल्यावर कॉम्प्युटर बहुधा उठतोही. पण ड्रॉइंग्ज गेलेली असतात, टॅलीचा डेटा गेलेला असतो आणि मूळ दोष काय होता ते कुणालाच कळलेलं नसतं. बूट न होणारं मशीन क्वचितच मेलेलं असतं. ते वाटेत कुठेतरी थांबलेलं असतं, आणि कुठे थांबलं ते बहुतेक वेळा स्वतःच सांगतं.

तुमच्यातले जे व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं धातुकामाचं मशीन, चालवतात त्यांना हे पटकन कळेल. मशीन ऑन केलं की आधी होम घेता, मग टूल, मग ऑफसेट, मग प्रोग्रॅम. होमच झालं नसेल तर प्रोग्रॅमच्या ओळी तपासत बसत नाही. कॉम्प्युटरही असाच क्रमानं उठतो. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा फर्मवेअर, ज्याला आपण सवयीनं बायॉस म्हणतो, तो रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो. मग डिस्कवर बूटची फाइल शोधतो. ती फाइल विंडोजचा किंवा लिनक्सचा गाभा मेमरीत आणते. गाभा ड्रायव्हर उचलतो, आणि शेवटी पासवर्डची पाटी येते.

कंपनीचा लोगोच दिसत नसेल तर नव्या विंडोजला शिव्या घालू नका, तिथपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. एसएसडी बसवताना हात लागून रॅम हलली असेल. काढून, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवून पुन्हा घट्ट बसवा. हा इलाज गल्लीतल्या प्रत्येक दुकानात चालतो आणि तो खराच चालतो. घड्याळ मागं जाऊन भलतंच जुनं साल दाखवत असेल तर बोर्डवरचा सीआर-२०३२चा गोल सेल संपलाय. तो संपला की वीज गेल्यावर बायॉसच्या सेटिंग्ज मुळावर जातात, आणि काल चालणारं मशीन आज डिस्क ओळखेनासं होतं.

खरी गंमत पुढच्या टप्प्यावर आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सगळं बसवलेलं असे. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडला, बाकी चार पार्टिशनांची नोंद आणि शेवटी दोन बाइटांची खूण. त्याला एमबीआर म्हणतात, आणि दोन टीबीच्या पुढची डिस्क त्याला धड मोजता येत नाही. नव्या पद्धतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, जीपीटी डिस्कवर एक छोटं फॅट-३२ पार्टिशन असतं, विंडोज ते बहुधा १०० एमबीचं करतं, आणि बूटची फाइल त्यात साध्या फाइलसारखी ठेवलेली असते. यूईएफआय त्या पहिल्या ५१२ बाइटांतला कोड चालवत नाही आणि जुनी पद्धत त्या फाइलकडे बघत नाही. दोघांची तोंडं दोन दिशांना.

पेनड्राइव्ह लावून बूट मेनूची कळ दाबा, पुष्कळदा ती एफ-१२ असते. पुष्कळ बोर्डांवर एकच पेनड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावानं आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. ज्या नावावर एंटर माराल त्या पद्धतीनं विंडोज बसतं. जुन्या पद्धतीनं बसलेल्या विंडोज १०च्या मशीनवर कुणीतरी ११ची अट पुरी करायला लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीचा, मोड बंद केला, की ‘नो बूटेबल डिव्हाइस’. डिस्क ठणठणीत, डेटा जागच्या जागी. लेगसी पुन्हा चालू करा, विंडोज उठेल. मग आधी बॅकअप घेऊन विंडोजसोबतच येणाऱ्या एमबीआर-टू-जीपीटी या आज्ञेनं डिस्क बदलून घ्या, आणि त्यानंतर मोड बदला. फक्त हा क्रम उलटा केला म्हणून लोकांचे दोन-दोन दिवस गेलेले मी पाहिलेत.

दुसरं प्रकरण इथल्याच एका शॉपमधलं. मालकांनी नवी एसएसडी आणली आणि जुनी हार्डडिस्क डेटासाठी आतच ठेवून ११ टाकून घेतलं. मशीन सुसाट. पुढे हार्डडिस्क टकटक वाजायला लागली, म्हणून डेटा उतरवून ती काढून टाकली, आणि एसएसडीवरचं विंडोज उठेना. ज्यानं बसवलं होतं तो म्हणाला, “एसएसडी उडाली, नवी घ्या.” एसएसडीला काहीही झालं नव्हतं. विंडोज बसवताना इन्स्टॉलरला जुन्या डिस्कवर बूटचं पार्टिशन तयार सापडलं, त्यानं बूटची फाइल तिथेच ठेवून दिली. घर नव्या डिस्कवर, किल्ली जुन्या डिस्कवर.

पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू केला, पहिल्याच पाटीवर शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी उघडली. डिस्कपार्ट या आज्ञेत ‘लिस्ट वॉल्यूम’ केल्यावर स्पष्ट दिसत होतं, विंडोजचं मोठं पार्टिशन आहे आणि छोटं फॅट-३२ नाही. इथे एक सांभाळायचं. या खिडकीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी इथे डी म्हणून दिसतो, म्हणून आत ‘विंडोज’ फोल्डर आहे ना ते आधी बघायचं. मग मोठ्या पार्टिशनातून थोडी जागा मोकळी केली, तिथे ईएफआय पार्टिशन बनवून फॅट-३२ केलं, आणि ‘बीसीडीबूट’ची एक ओळ लिहिली. तिनं बूटच्या फाइली नव्यानं मांडल्या. मशीन उठलं, टॅली जशीच्या तशी. मालकांनी चहा पाजला आणि विचारलं, “मग बसवतानाच काय करायला हवं होतं?” जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवायची, एवढंच.

लोगो आला, ठिपके फिरले आणि मग ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं आलं, तर पहिले टप्पे ठीक आहेत, गाभ्याला डिस्कशी बोलायला ड्रायव्हर मिळेना. बायॉसमध्ये साटाचा मोड कुणी रेडवरून एएचसीआयवर नेला का ते बघा आणि परत होता तसा करा. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर याचाच भाऊबंद भेटतो. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, कारण व्हीएमडी ही इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय चालू असते. तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधी टाकून न्यावा.

लिनक्सवाल्यांनाही एक गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटनं शेजारी नांदणाऱ्या लिनक्सच्या जुन्या बूटलोडरवरचा विश्वासच काढून घेतला, आणि दोन्ही सिस्टिम असलेल्या कित्येक मशीनवर लिनक्स उठेना. त्यांच्या पडद्यावर चक्क ‘काहीतरी गंभीर बिघडलंय’ अशा अर्थाचं वाक्य येत होतं. घाबरून तिथेही लोकांनी फॉरमॅट मारले. काम होतं तात्पुरतं सिक्युअर बूट बंद करून लिनक्स अपडेट करण्याचं.

त्याच्या महिनाभर आधी, १९ जुलै २०२४ला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलनं जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पाडली होती, हे तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. इलाज होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढण्याचा. पण ज्या डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनचं, कुलूप होतं तिथे आधी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जायची, आणि ती शोधण्यात तास गेले.

हे कुलूप आता तुमच्याही घरात आलंय. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्या नव्यानं बसवून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, की पुष्कळ मशीनवर डिस्क न विचारता एन्क्रिप्ट होते. की जाते त्या खात्यात. आता दुकानातल्या मुलानं घाईत स्वतःच्याच ईमेलनं लॉगिन करून दिलं असेल, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात आहे. पुढे कधी बायॉसमध्ये काही बदललं आणि मशीननं की मागितली, तेव्हा तो मुलगा दुकान सोडून गेलेला असतो. घरी गेल्यावर आज रात्रीच बघा, खातं कुणाचं आहे. की कागदावर लिहून बिलांच्या फाइलीत ठेवा, कॉम्प्युटरात नको.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे. “आमच्या व्हीएमसीला प्रोग्रॅम पाठवणारा कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर आहे. त्यावर नवीन टाकू का?” नका टाकू. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला हे खरं, पण त्याचं काम आरएस-२३२च्या केबलीतून प्रोग्रॅम पाठवायचं, आणि तुमच्या सॉफ्टवेअरचा डोंगल नव्या विंडोजवर चालेल याची खात्री कुणी देणार नाही. त्याचं नेट काढा, येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासा. भीती आहे ती त्या म्हाताऱ्या हार्डडिस्कची. तिची पूर्ण इमेज घ्या, तशीच दुसरी डिस्क आणून इमेज तिच्यावर उतरवा, आणि गुरुवारी शॉप बंद असताना ती डिस्क लावून मशीन खरंच उठतंय का, प्रोग्रॅम जातोय का, ते करून बघा. उठलं तर जुनी डिस्क परत लावा आणि नवी कपाटात, तारीख लिहून.