शेताला रात्रीची वीज, दुकानाला अहोरात्र झगमगाट

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात कडाक्याची थंडी पडते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची नोंद अनेकदा झालेली आहे. नेमक्या याच दिवसांत उन्हाळ कांद्याची लागवड चालू असते आणि नव्या रोपाला पाणी द्यावेच लागते. ज्या आठवड्यात शेतीच्या वाहिनीची पाळी रात्रीची असते, त्या आठवड्यात शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करावयास जातो आणि पहाटेपर्यंत चिखलात उभा राहून दारे धरतो. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे, हे निफाड-सिन्नरच्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही.

त्याच रात्री शहरातल्या मोठ्या सुपरमार्केटात दूध, दही, चीज आणि शीतपेये यांची कपाटे चालूच असतात. यातली कित्येक कपाटे उघडी, दाराविना असतात. थंड हवा जड असते, ती कपाटातून खाली सांडते आणि दालनात पसरते. तिची भरपाई करण्यासाठी कपाटाचे यंत्र अखंड धावते. यंत्राची उष्णता काही ठिकाणी त्याच दालनात सोडली जाते, आणि तेव्हा ती काढून टाकण्यासाठी छतावरचे वातानुकूलन आणखी वीज ओढते. थोडक्यात, एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी भांडत असते आणि दोघांचा खर्च समाज सोसत असतो. कपाटाला काचेचे दार बसवले तर वीज बरीच वाचते, ही काही नवी विद्या नव्हे. घरच्या फ्रीजचे दार उघडे राहिले तर आई ओरडते, तेवढे ज्ञान याला पुरेसे आहे. मग दार का नाही? ग्राहकाचा हात वस्तूपर्यंत विनासायास पोहोचावा आणि विक्री वाढावी, म्हणून. म्हणजे ही उधळपट्टी अज्ञानातून होत नाही, ती हिशेब करून केलेली आहे.

यावर ठराविक उत्तर मिळते: दुकानदार वाणिज्यिक दराने बिल भरतो, शेतकरी तर सवलतीत वीज वापरतो, मग तक्रार कसली? या उत्तरात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. वाणिज्यिक व औद्योगिक ग्राहकांच्या चढ्या दरातून आणि शासनाच्या अनुदानातून शेतीची सवलत उभी राहते. तथापि बिल भरल्याने वीज निर्माण होत नाही. सूर्य मावळल्यावर सौर वीज संपते, घरोघरचे दिवे लागतात, आणि त्या चार-पाच तासांत प्रत्येक युनिट दुर्मीळ व महाग होते. दुर्मीळ वस्तूचे वाटप ज्याचा खिसा जड त्याला आधी, या न्यायाने करायचे असेल तर रेशनच्या दुकानाचीही गरज उरत नाही. शिवाय दुकानदाराचे ते बिल अखेर कोण भरतो? ते मालाच्या किमतीत चढते. आणि किमतीत चढवता आले नाही तर खरेदीच्या भावातून, म्हणजे उत्पादकाच्या पदरातून, वसूल होते.

शेतीलाच रात्रीची पाळी का यावी, याचे कारण तांत्रिक भासते. प्रत्यक्षात ते राजकीय आहे. सन २००५ च्या सुमारास राज्यात विजेचा तीव्र तुटवडा होता. त्या काळात गावठाणाची वाहिनी शेतीच्या वाहिनीपासून वेगळी काढण्याचे काम सुरू झाले. गावातल्या घरांना दिवे मिळाले, ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्याबरोबर असे एक बटण तयार झाले की ते दाबले असता केवळ शेतकऱ्याचा पंप बंद पडतो आणि दुसऱ्या कुणालाही झळ लागत नाही. शहराच्या वाहिनीवर घर, रुग्णालय, शाळा आणि झगमगते दालन एकत्र नांदतात. तिथे दालन तेवढे वेगळे करता येत नाही. म्हणून ज्याला तोडणे सोपे, त्यालाच तोडले गेले. आठ तासांची वीज, तीही पाळीपाळीने दिवसा आणि रात्री, हा त्यातून पडलेला पायंडा. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हाव्यात म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच बसवले जातात, रोहित्रावर एकाएकी भार येऊन ते जळते, आणि मग नव्या रोहित्राची वाट पाहण्यात हातचे पीक जाते. दोष अर्थातच शेतकऱ्याच्या माथी!

याच काळातली एक गोष्ट आज विसरली गेली आहे. २००५ मध्ये ‘अक्षय प्रकाश’ योजनेत महाराष्ट्रातील अनेक गावांनी ठरवून सायंकाळच्या निकडीच्या वेळेत पंप बंद ठेवले, आणि त्या बदल्यात घरांना अखंड दिवे मिळवले. गावाने एकत्र बसून निर्णय केला आणि पाळला. सामुदायिक संयमाचे इतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. तो संयम शहरातील दालनांकडे तितक्याच आग्रहाने कुणी मागितला नाही.

उलट धोरण दुसऱ्या दिशेने गेले. २०१२ मध्ये किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला केंद्राने मान्यता दिली, तेव्हा सांगण्यात आले की मोठी दुकाने गावापर्यंत शीतगृहांची साखळी उभारतील आणि नासाडी थांबेल. परकीय साखळ्या फारशा आल्या नाहीत. देशी साखळ्या मात्र वाढल्या. आज नाशिकचा कांदा पूर्वीप्रमाणेच शेतकऱ्याने बांधलेल्या चाळीत, वाऱ्यावर, विजेविना टिकतो, आणि पावसाळ्यात त्यातला मोठा वाटा सडतो. थंडावा आला तो दुकानात, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे. ज्या कांद्याला थंडाव्याची गरज नाही तो विक्रीच्या वेळी वातानुकूलित दालनात मांडला जातो, हा विनोद कुणी मुद्दाम रचलेला नाही. पुढे २०१७ च्या कायद्याने महाराष्ट्रात दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्यास वाट मोकळी झाली. त्या जादा तासांच्या विजेचा विचार त्या वेळी झाला असल्यास तो लोकांच्या कानी आला नाही.

शासनाला हुकूम काढता येत नाही, असे कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली आणि मे २०२४ पर्यंत बंद राहिली. शुल्क पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २०२५ ला. ग्राहकाच्या हितासाठी एका रात्रीत बंदर बंद करू शकणारे सरकार एका कपाटाला दार लावू शकत नाही! स्पेनने ऑगस्ट २०२२ मध्ये ते केले: दुकानांतला गारवा २७ अंशांच्या खाली नेऊ नये आणि रात्री दहानंतर काचेमागचे दिवे बंद ठेवावेत, असा हुकूमच काढला. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आणि मोठ्या इमारतींसाठीची संहिता २००७ ची आहे. ती अमलात आणणे राज्यांवर सोडलेले आहे.

मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघालेल्या किसान सभेच्या मोर्चात कांद्याच्या भावाबरोबर बारा तास विजेची मागणी होती. कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत, मिळाले. वीजबिल माफीचीही मागणी होती, आणि २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. तिचा दिलासा खरा आहे. पण फुकट मिळालेली रात्र ही रात्रच असते. सौर कृषी वाहिन्यांमुळे जिथे दिवसा पुरवठा सुरू झाला आहे तिथे शेतकऱ्याचा श्वास मोकळा झाला, हे खुल्या मनाने मान्य केले पाहिजे, आणि म्हणूनच उरलेल्या वाहिन्यांना उशीर का, हे विचारले पाहिजे.

मोफत विजेमागे आणखी एक गफलत लपते. बऱ्याच पंपांना मीटर नाहीत. त्यांचा वापर अंदाजाने लिहिला जातो. शेतीच्या नावे फुगवून वापर दाखवायचा आणि त्याखाली गळती व चोरी झाकायची, असा हा प्रकार असल्याचे प्रताप होगाडे सातत्याने मांडत आले आहेत. शेतकरी वीज खातो, ही शहरात रुजलेली समजूत याच आकड्यांवर पोसली गेली आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांच्या हाती आज करण्याजोगे काम असे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक शेती-वाहिनीचे महिन्याचे वेळापत्रक आणि प्रत्यक्ष मिळालेले तास वहीत टिपावेत. जळालेले रोहित्र किती दिवसांनी बदलले, त्याची तारीखवार नोंद ठेवावी. शहरातील साथींनी दालनांची उघडी कपाटे मोजावीत आणि रात्री दहानंतर पेटलेल्या पाट्याही. वीज नियामक आयोग दर ठरविण्यापूर्वी हरकती मागवितो व जाहीर सुनावणी घेतो. त्या सुनावणीत निफाडची वही आणि नाशिकची वही एकाच टेबलावर ठेवावी.