लाकडी ग्लायडर: आधी टेबलावर, मग वाऱ्यावर



उन्हाळ्यात दुपारी येरमाळा गावाच्या रानात उभं राहिलं की दोन गोष्टी हमखास दिसतात. नांगरून टाकलेल्या काळ्या रानात उठलेली वावटळ, आणि पंख न हलवता घिरट्या घेत वर वर जाणारी घार. दोन्हींचं मूळ एकच. ढेकळांचं काळं रान लवकर तापतं, त्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. शेजारचा हिरवा ऊस तेवढा तापत नाही, म्हणून तिथून अशी हवा उठत नाही. घार या हवेवर बसून वर जाते. आपण घरी बांधलेलं लाकडी ग्लायडरही तसंच वर जाऊ शकतं. त्याला इंजिन लागत नाही. जमिनीवरून रिमोटनं फक्त दिशा द्यायची आणि नाक सांभाळायचं.

आपल्या राज्याला ग्लायडर नवं नाही. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये 1950 पासून माणसं ग्लायडरमध्ये बसून उड्डाण शिकत आली आहेत. एनसीसीच्या हवाई विभागात छात्रांना मॉडेल विमानं बांधायला आणि उडवायला शिकवतात. आपल्याकडे बालाघाटाच्या डोंगरांचे उतार आहेत, मोकळे माळ आहेत. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करणाऱ्या पोरांच्या हातात कसबही आहे. उणीव आहे ती पद्धतशीर माहितीची. ती आज देतो. वही-पेन घेऊन बसा, कारण काही आकडे लिहून घ्यावे लागतील.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. ग्लायडर पडतं हवेत, पण पडण्याचं कारण बहुतेक वेळा जमिनीवरच तयार झालेलं असतं. पंखाला पीळ राहिला, तोल चुकला, बॅटरी अर्धवट चार्ज केली, जागा चुकीची निवडली. म्हणून उडवण्याची घाई करू नका.

पहिल्या प्रयत्नासाठी दोन मीटर पंखविस्ताराचं साधं ग्लायडर निवडा. त्यात दोनच नियंत्रणं असतात: शेपटीच्या उभ्या पट्टीचं सुकाणू आणि आडव्या पट्टीचा एलिव्हेटर. सुकाणूनं वळायचं, एलिव्हेटरनं नाक वरखाली करायचं. पंख मधल्या भागात सरळ आणि टोकांकडे वर उचललेले असावेत. अशा पंखाचा फायदा असा, की एक बाजू कलली तर विमान त्या बाजूला घसरतं, खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते आणि तो आपोआप वर येतो. शिकणाऱ्याचा हात चुकला तरी ग्लायडर स्वतःला सावरून घेतं. पंखाची रुंदी सरासरी 20 सेंटीमीटर धरली, तर सगळं मिळून वजन 800 ग्रॅमच्या आसपास ठेवा. जड ग्लायडर वेगात उतरतं आणि आपटलं तर जास्त मोडतं.

लाकूड बाल्साचं घ्या. ते हलकं असतं आणि साध्या ब्लेडनं कापलं जातं. छंदाच्या सामानाच्या दुकानातून ते मागवता येतं. नाकाकडच्या भागाला आणि पंख जिथं बसतो तिथं 3 मिलिमीटरचं हलकं प्लायवूड वापरा, कारण मार तिथंच बसतो. सपाट फळीवर पूर्ण मापाचा नकाशा पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि त्यावर टाचण्यांनी तुकडे बसवत जा. सांध्यांना पांढरा फेविकॉल उत्तम. लगेच चिकटणाऱ्या डिंकाचा वास डोळ्यांना झोंबतो आणि बोटं एकमेकांना चिकटतात, म्हणून तो खिडकी उघडी ठेवून, मोठ्यांच्या देखत वापरा.

आता पंखाच्या कण्याकडे नीट लक्ष द्या, कारण सगळा भार त्यावर येतो. पंखाला आकार देणाऱ्या बरगड्यांच्या वरून एक आणि खालून एक अशा पाइनच्या दोन पट्ट्या लांबीभर जातात. उडताना पंखांची टोकं वर वाकू पाहतात. तेव्हा खालची पट्टी ताणली जाते आणि वरची दाबली जाते. बारीक पट्टी ताण सोसते, पण दाबाखाली बाजूला वाकून मोडते. म्हणून दोन पट्ट्यांच्या मध्ये, प्रत्येक दोन बरगड्यांच्या अंतरात, बाल्साचा पातळ तुकडा भरायचा आणि त्याच्या लाकडाच्या रेषा उभ्या ठेवायच्या. आडव्या रेषांचा तुकडा ताणाला फाटतो, उभ्या रेषांचा पट्ट्यांना धरून ठेवतो. निदान मधल्या अर्ध्या भागात तरी हे तुकडे हवेतच. ते वगळले तर जोराच्या ओढीत पंख मधोमध मिटतो.

पंख तयार झाला की मागून, डोळ्याच्या पातळीवर धरून पाहा. दोन्ही टोकांची मागची कड 3 ते 4 मिलिमीटर वर असावी आणि दोन्हीकडे सारखी असावी. यामुळे वेग कमी झाला तरी टोकांची उचल शेवटपर्यंत टिकते. एकाच बाजूला पीळ असेल तर ग्लायडर कायम एकीकडे वळत राहील. पंखावर चढवलेलं प्लास्टिकचं आवरण इस्त्रीनं ताणताना असा पीळ बऱ्याचदा पडतो. तो काढायचा तर पंख उलट दिशेला हलकेच पिळून धरा आणि पुन्हा गरम इस्त्री फिरवा.

आता तोल. हा आकडा लिहून घ्या. पंखाची रुंदी 20 सेंटीमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून 6 ते साडेसहा सेंटीमीटरवर दोन्ही बाजूंनी एकेक बोट टेकवा. सगळं सामान आत बसवलेलं असताना ग्लायडर तिथं आडवं स्थिर राहिलं पाहिजे. शेपटी खाली जात असेल तर उडवू नका. नाकात शिशाचे तुकडे घाला आणि पक्के बसवा. शेपटी बांधताना हात आखडता घ्या, कारण तिथं वाढलेल्या 10 ग्रॅमसाठी नाकात 20 ते 30 ग्रॅम शिसं भरावं लागतं.

रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचा घ्या. चालू करताना आधी हातातला ट्रान्समीटर, मग ग्लायडरमधला रिसिव्हर. बंद करताना आधी रिसिव्हर, मग ट्रान्समीटर. हा क्रम कधी मोडू नका. ट्रान्समीटरमध्ये कमी शक्तीची चाचणी असते. ती लावून 30 पावलं लांब जा आणि सुकाणू व एलिव्हेटर नीट हलतात का, हे जोडीदाराला पाहायला सांगा. ट्रान्समीटरची काडी उजवीकडे दिली की सुकाणू उजवीकडेच जातं, याचीही प्रत्येक उड्डाणाआधी खात्री करा. लिथियम पॉलिमर बॅटरी असेल तर तिच्याच चार्जरवर, फरशीवर, कोणीतरी जवळ बसलेलं असताना चार्ज करा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

आता जागा आणि वेळ. पहिली उड्डाणं हिवाळ्यातल्या सकाळी, गवताच्या सपाट माळावर करा. वारा इतकाच असावा की ज्वारीची पानं हलतील, पण ताटं वाकणार नाहीत. सोलापूर-धुळे महामार्ग, वस्ती, विजेच्या तारा आणि पवनचक्क्या यांपासून खूप दूर राहा. येडेश्वरी देवीच्या डोंगरावर आणि तिच्या यात्रेच्या दिवसांत कुठंही उडवू नका. चैत्री पौर्णिमेनंतर चुनखडी वेचायला लाखो भाविक जमतात. त्यांच्या डोक्यावरून पाऊण-एक किलोचं लाकूड जाणं हा सरळ गुन्हा समजा.

पहिलं उड्डाण म्हणजे फक्त हातानं सोडणं. तोंड वाऱ्याकडे करा, पंख आडवे ठेवा, नाक किंचित खाली ठेवा आणि भालाफेकीसारखं सरळ पुढे सोडा, वर फेकू नका. खांद्याच्या उंचीवरून ते सरळ जाऊन सुमारे 20 मीटरवर अलगद टेकलं पाहिजे. नाक वर उचलून मग धपकन खाली आलं तर शेपटी जड आहे. सरळ खाली घुसलं तर एलिव्हेटर अगदी थोडा वर करा. एका वेळी एकच बदल करा.

नाक वर जाऊन वेग संपला की पंखाची उचल जाते, हे विसरू नका. जर्मनीचे ओटो लिलिएन्थाल हे ग्लायडरचे आद्य उड्डाणवीर. हजारो उड्डाणांचा अनुभव असूनही 1896 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या ग्लायडरची उचल गेली, ते खाली कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. आपल्या मॉडेललाही हाच नियम लागू आहे. उतरताना थोडं आणखी लांब जावं म्हणून एलिव्हेटर ओढू नका.

ग्लायडर तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं. त्या वेळी एक खूण ठेवा: जो पंख खाली कललाय, त्याच बाजूला काडी द्या. पंख सरळ होतील.

हात बसल्यावर मगच उतारावर जा. पावसाळ्याच्या दिवसांत पश्चिमेचा वारा बालाघाटाच्या उतारावर आदळून वर चढतो आणि ग्लायडरला तोलून धरतो. उघडीप असताना, वारा बेताचा असेल तरच जा. कड्याच्या अगदी काठावर उभं राहू नका. वळताना नेहमी दरीकडे वळा, डोंगराकडे नाही. माथ्याच्या मागच्या बाजूला वारा गुंडाळून खाली दाबतो, तिथं ग्लायडर नेऊ नका. तारेवर अडकलं तर काठीनं काढायला जाऊ नका. महावितरणच्या 1912 क्रमांकावर कळवा आणि वाट पाहा. लाकूड पुन्हा आणता येतं.

कायद्याचंही भान ठेवा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोपर्यंतचं मानवरहित विमान सूक्ष्म वर्गात येतं. ते व्यवसायासाठी उडवत नसाल तर चालकाचा परवाना लागत नाही. पण ते सतत डोळ्यांसमोर हवं आणि हरित क्षेत्रात 400 फुटांच्या खाली हवं. तुमची जागा कोणत्या क्षेत्रात येते, हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहा आणि नोंदणीबाबत सध्या काय लागू आहे, याचीही खात्री करा. ज्याच्या रानात उतरणार, त्या शेतकऱ्याला विचारा. पोलीस पाटलांना सांगून ठेवा आणि उजेडातच उडवा. 2024 च्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोनच्या धास्तीनं मराठवाड्यातल्या अनेक गावांनी रात्री जागून काढल्या. आपल्या छंदानं कुणाची झोप उडता कामा नये.

शेवटी शिक्षकांना विनंती आहे. विज्ञानाच्या तासाला दाब, ताण, तोल आणि तापलेली हवा फळ्यावर शिकवताच. एक ग्लायडर शाळेत बांधायला घ्या. चार-पाच मुलामुलींचा गट करा, एकानं उडवायचं आणि एकानं आकाश व माणसं पाहायची, असा नियम घाला. बांधायला महिना लागला तरी चालेल. तपासल्याशिवाय मात्र एकही ग्लायडर हातातून सोडू नका.